दचक्या शिपाई

सोमवार उजाडला की काकूंचे हात शिवशिवायचे. चहा झाला, गायींच्या धारा काढून झाल्या, की त्या कंबरेवर हात ठेवून घराच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि चारी भिंतींकडे अशा बघायच्या, की भिंतींनीसुद्धा अंग चोरून घ्यावं. मग सुरू. खाट खिडकीखाली, खिडकीखालचं टेबल दाराशी, दाराशी असलेली धान्याची कोठी आतल्या खोलीत आणि आतल्या खोलीत जे काय असेल ते बाहेर. अंगणही सुटायचं नाही. पाण्याचं पिंप गोठ्याकडून झाडाखाली, झाडाखालचं बाकडं फाटकाशी आणि कोंबड्यांचं खुराडं उगाच चार पावलं डावीकडे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात काकांनी सलग दोन आठवडे एकाच जागी पाहिलेली वस्तू म्हणजे विहीर.

गावात त्यांना सरकवकाकू म्हणायचे. तोंडावर नुसतं काकू, पाठ फिरली की सरकवकाकू. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. "वस्तू हलली की खालची धूळ निघते आणि डोकंही साफ होतं," असं त्या म्हणायच्या. काका काहीच म्हणायचे नाहीत. काका मुळात बोलायचेच कमी. दिवसाला वीसेक शब्द, त्यातले दहा गायींशी आणि उरलेले बहुतेक एकच प्रश्न विचारण्यात जायचे.

त्या सोमवारीही त्यांनी तोच विचारला. "अगं, माझ्या चपला कुठायत?"

"कोठीमागे."

"आणि कोठी?"

काकू उत्तर देणार तेवढ्यात अंगणातून आरडाओरडा ऐकू आला. आधी कॅन आपटल्याचा आवाज, मग कुत्र्याचं गुरगुरणं आणि मग दूधवाल्याची किंकाळी. दोघंही धावले. काका अनवाणीच.

फाटकाशी दूधवाला एका पायावर उभा होता. त्याची मोटरसायकल आडवी पडली होती. विजारीची एक बाजू गुडघ्यापासून खालपर्यंत फाटली होती आणि तो दोन्ही हातांनी ती धरून, आत पाय शाबूत आहे का ते बघत होता. पाय शाबूत होता. गोठ्याच्या भिंतीला चिकटून शिपाई उभा होता, शेपूट पोटाखाली, अंगभर थरथरत. चावला तो आणि बोबडीही त्याचीच वळलेली.

नाव शिपाई ठेवलं होतं ते मोठ्या आशेने. पिल्लू असताना तो खरंच शिपायासारखा होता. फाटकात बसायचा आणि उडत्या पाखरालाही नाव विचारून आत सोडायचा. पण गेल्या वर्षभरात त्याचं काहीतरी बिनसलं. पाठीवर हात ठेवला की हातभर उडायचा. वाऱ्यानं बादली हलली की गोठ्यात पळायचा. चालता चालता खुराड्यावर आपटायचा आणि मग खुराड्यावरच भुंकायचा. गावानं त्याचं नाव दचक्या करून टाकलं. काकूंना मात्र ते नाव आवडायचं नाही. टोपणनाव आपल्याला चालतं, पण मुक्या जनावराला कशाला?

"काका, आता हद्द झाली!" दूधवाला म्हणाला. "मागच्या महिन्यात हातमोजा नेला. आज विजार. पुढच्या वेळी काय नेईल ते मी सांगत नाही, काकू समोर आहेत."

"लागलं का रे कुठे?" काकूंनी विचारलं.

"लागलं नाही, पण मन दुखावलंय. ऐका. आठ दिवस मी चढावरच थांबेन, दूध तुम्ही वर आणून द्या. पुढच्या सोमवारी अंगणात येईन. तेव्हा हे बेणं पुन्हा अंगावर आलं, तर तुमचं घर माझ्या रस्त्यातून गेलं समजा. मग न्या दूध तालुक्याला डोक्यावरून."

तो गेला. काकांनी मोटरसायकलीच्या चाकाच्या खुणेकडे बघितलं, मग शिपायाकडे, मग काकूंकडे. दिवसाचे शब्द ते एकदम खर्च करणार हे काकूंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नदीपलीकडचा वीटभट्टीवाला कुत्रं मागतोय," काका म्हणाले. "साखळीला बांधायला. नुसतं भुंकणारं हवंय त्याला. मी त्याला शब्द देतो. पुढच्या सोमवारी येऊन घेऊन जाईल."

"न विचारता शब्द?"

"दोन गायींचं दूध आहे, अगं. रोज तालुक्याला कोण नेणार? मी नेलं तर शेत कोण बघणार?"

काकूंनी रागानं बाकडं उचललं आणि फाटकापासून परत झाडाखाली नेऊन ठेवलं.

गुरुवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या आल्या होत्या गायीचा खूर बघायला. वयानं लहान, अंगानं किरकोळ, पण गायीला अशा दरडावायच्या की गाय आपणहून पाय वर करायची. खूर बांधून झाला आणि हात धुताना त्यांचं लक्ष शिपायाकडे गेलं. तो गव्हाणीखाली बसून त्यांच्या दिशेनं नाक वर करून हुंगत होता.

"हा असा एका बाजूला मान करून का बघतो?"

"तो बघत नाही, घाबरतो," काकू म्हणाल्या. "सगळ्यालाच घाबरतो. सोमवारी बादलीला भुंकत होता. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात लोक."

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला. शिपायाच्या समोर उकिडव्या बसल्या, त्याच्याशी दोन शब्द बोलल्या आणि हात उंच करून बोळा अलगद सोडला. कापूस त्याच्या नाकासमोरून खाली पडला. शिपायाची नजर जिथे होती तिथेच राहिली. दुसऱ्यांदाही तसंच. मग त्यांनी किल्ली खाली टाकली. ती खणकन वाजली मात्र, शिपाई ताडकन उडाला आणि त्याचं डोकं गव्हाणीवर आपटलं.

"आई गं," काकू म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरीचा झोत टाकून डोळे पाहिले, गोठ्याच्या अंधारात एकदा आणि बाहेर उजेडात एकदा. "याच्या डोक्याला काही झालेलं नाही काकू. मला वाटतं, याची नजर जातेय. डोळे वरून स्वच्छ आहेत, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. आतला पडदा मंद होत चाललाय. मोठ्या दवाखान्यात यंत्रावर बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही, पण माझा अंदाज चुकेल असं वाटत नाही."

"औषध द्या मग."

"याला औषध नाही. पण घाबरू नका. कुत्र्याचं अर्धं जग नाकात असतं आणि उरलेलं कानात. आवाज न करता जवळ जाऊ नका, आधी बोला, मग हात लावा. आणि घरातल्या वस्तू हलवू नका. तो पावलं मोजून चालतो. एकदा नकाशा डोक्यात बसला की डोळ्यांवाचून फिरेल. नकाशा बदलला की मेला बिचारा."

काका गायीच्या आडून पुढे आले. नुसते काकूंकडे बघत राहिले. गायही बघतेय असं काकूंना वाटलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर काकू पायरीवर बसल्या त्या बसल्याच. त्यांच्या डोक्यात वार उलगडत होते. सोमवारी हा आपटायचा, भुंकायचा, गव्हाणीखाली जाऊन बसायचा. मंगळवारी खायचा नाही. बुधवारी भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू बाहेर यायचा. शुक्रवार-शनिवारपर्यंत शेपूट वर. रविवारी थेट फाटकापर्यंत. काकू म्हणायच्या, बघा, सुधारला. आणि सोमवारी स्वतःच्याच हातांनी त्याचं जग उपसून उलटंपालटं करायच्या. वर्षभर. एकदा त्यानं दुधाचं पातेलं सांडलं, तर केरसुणीनं मारलाही होता. पातेलं त्यांनीच त्याच्या वाटेत ठेवलं होतं.

काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. "अहो, माणूस असता तर मला शिव्या तरी घातल्या असत्या त्यानं," त्या म्हणाल्या.

काका शेजारी बसले. "भट्टीवर रोज विटांचे ढीग हलतात," ते म्हणाले. "आज इथे, उद्या तिथे."

"आणि तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय."

"परत घ्या."

"दूधवाल्याचं काय? त्यानं येणं बंद केलं तर?"

काकूंनी दुसऱ्या दिवशी चढावर दूध नेऊन देताना दूधवाल्याला सगळं सांगितलं. कापसाचा बोळा, बॅटरी, आतला पडदा. दूधवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "काकू, त्याला कापूस दिसत नाही, पण माझी विजार बरोबर दिसते! एवढ्या मोठ्या अंगणात नेमका माझाच पाय सापडतो त्याला. आंधळं नाही, बेरकी आहे ते." आणि कॅन बांधून गेला.

उरले तीन दिवस. काकूंनी कंबर कसली. आधी सगळ्या वस्तूंना कायमच्या जागा दिल्या. पिंप गोठ्याशी, खुराडं कुंपणाशी, बाकडं झाडाखाली. मग जुन्या पोत्याचे तुकडे कापले. एक पायरीसमोर, एक फाटकाच्या आत, एक विहिरीच्या कठड्याच्या अलीकडे, म्हणजे पायाला पोतं लागलं की पुढे काहीतरी आहे एवढं त्याला कळावं. स्वतःच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवला. चालताना तो छुमछुम वाजायचा. शिपायानं पहिल्या दिवशी जुडग्याला घाबरून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या मागे मागे हिंडू लागला.

खरी पंचाईत काकांची झाली. ते मांजराच्या पावलांनी चालायचे आणि बोलायचे तर नाहीतच.

"आवाज द्या अंगणात आलात की," काकूंनी फर्मान काढलं.

"काय बोलू?"

"काहीही. मी आलोय म्हणा."

काका फाटकातून आत आले, थांबले, घसा खाकरला आणि शाळेत हजेरी दिल्यासारखं म्हणाले, "मी आलोय." शिपायानं कान टवकारले आणि शेपूट हलवलं. काकांना ते आवडलं असावं. संध्याकाळपर्यंत ते गोठ्यातून "मी गोठ्यात आहे" आणि विहिरीवरून "मी विहिरीवर आहे" असं कळवू लागले. घरात एवढं बोलणं बावीस वर्षांत झालं नव्हतं. काकूंना मधूनच वाटायचं, हे आपण आधीच का नाही मागितलं?

रविवारी शिपाई गव्हाणीखालून निघाला, पिंपाला वळसा घालून पायरीच्या पोत्यापर्यंत आला, तिथून झाडाच्या सावलीतून सरळ फाटकाच्या पोत्यावर जाऊन बसला. कुठेही आपटला नाही. काकूंना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण तो दचकेल म्हणून त्यांनी हात आवरले.

मग सोमवार आला.

काकूंना रात्री नीट झोप लागली नव्हती. सकाळी धारा काढताना दोनदा दूध बाहेर गेलं. भट्टीवाल्याची बैलगाडी दुपारी येणार होती, दूधवाला आठ वाजता. जीव टांगणीला लागला की काही बायका देवाचं नाव घेतात, काही भांडतात. काकूंचे हात चालू लागत. दूध गाळून झालं, रिकामे डबे घासून झाले, डबे सुकायला ठेवायचे म्हणून त्यांनी झाडाखालचं बाकडं ओढलं, ऊन जिथे पडलं होतं तिथे फाटकाच्या वाटेवर नेलं, डबे त्यावर पालथे मांडले आणि घरात गेल्या. बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांच्या डोक्याला विचारलंसुद्धा नाही.

पायरीपर्यंत परत आल्या तेव्हा दूधवाला चढावरून खाली येत होता. मोटरसायकलीचा आवाज नव्हता. तो नेहमी वर इंजिन बंद करायचा आणि उतारावर गाडी तशीच सोडून द्यायचा, पेट्रोल वाचायचं. कॅन गोणपाटात घट्ट बांधलेले, तेही वाजत नसत. गाडी भुतासारखी येऊन फाटकात उभी राहिली.

आणि त्याच वेळी गव्हाणीखालून शिपाई निघाला. शेपूट वर. पिंपाला वळसा. पायरीच्या पोत्यावर पाय. तिथून सरळ फाटकाकडे, आठवड्यात पहिल्यांदाच जरा धावत. आणि काकूंना बाकडं दिसलं.

ओरडावं, की धावावं? दोन्हीत तो दचकला असता. तेवढ्या क्षणात शिपाई बाकड्यावर नाकासरशी आदळला. सगळे डबे खणखणत जमिनीवर आले. शिपाई कोलमडला, उठला, स्वतःभोवती फिरला, दात विचकून हवेत इकडेतिकडे चावे घेऊ लागला. दूधवाला त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याचा एक पाय हवेतच राहिला.

"हलू नकोस," काकू त्याला म्हणाल्या, हळू. आणि मग रोजच्या आवाजात, जसं काही झालंच नाही, "शिपाई, मी आहे रे. इकडे ये. पोत्यावर ये." कमरेचा जुडगा त्यांनी बोटानं हलवला.

गोठ्यातून काकांचा आवाज आला. "मी गोठ्यात आहे."

शिपाई थांबला. कान हलले. त्याच्या पायात डबा आला, तो हुंगून त्यानं बाजूला टाकला. मग एक पाय पुढे, चाचपत. दुसरा. पोतं पायाला लागलं तसा तो त्यावर उभा राहिला आणि जुडग्याच्या आवाजाच्या दिशेनं चालत येऊन काकूंच्या गुडघ्यात डोकं खुपसून थरथरत राहिला. नाकावरून रक्ताचा एक थेंब ओघळला होता.

दूधवाल्यानं पाय खाली ठेवला.

"काकू," तो म्हणाला, "भर उन्हात एवढं मोठं बाकडं. त्याला दिसलंच नाही."

"नाही दिसत रे त्याला. सांगत होते ना."

"मग माझा पाय?"

"तू नेमका फाटकाच्या आत पाय ठेवतोस, त्याच्या बसायच्या जागेवर. आणि आवाज न करता. त्याला वाटतं, हवेतून कुणीतरी उगवलं."

दूधवाल्यानं मोटरसायकलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मी इंजिन बंद करून येतो ना वरून," तो म्हणाला. "माझ्या तर कधी डोक्यातच आलं नाही."

"बाकडं मी सरकवलं," काकू म्हणाल्या. "आज. आत्ता. एवढं ठरवूनसुद्धा."

काका गोठ्यातून बाहेर आले. त्यांनी आडवं पडलेलं बाकडं उचललं, झाडाखाली नेलं आणि बुंध्याला दोरीनं बांधून टाकलं. तीन गाठी मारल्या. मग हात झटकून म्हणाले, "म्हणजे कुत्रं सोडून सगळ्यांचंच चुकलं."

दूधवाला खो खो हसत सुटला. शिपाई दचकला, पण जागेवरून हलला नाही. "काकू, मी इंजिन चालू ठेवलं तर पेट्रोल जातं," दूधवाला म्हणाला. "हॉर्न दिला तर हा विहिरीत जाईल. गाणं म्हणत आलो तर चालेल का? गाण्याला पेट्रोल लागत नाही."

"चालेल. पण सूर बरा लाव."

सूर त्याच्याकडे नव्हताच. पण मंगळवारपासून रोज सकाळी आठ वाजता चढावरून एक भसाडं गाणं घरंगळत खाली येऊ लागलं. काही दिवसांनी गावातल्या बायका त्यावर चहाचं आधण ठेवू लागल्या.

काका त्या सोमवारीच दुपारी, बैलगाडी यायच्या आधी नदीपलीकडे चालत गेले. दिलेला शब्द परत मागायला माणसानं स्वतः जावं, असं त्यांचं म्हणणं. भट्टीवाल्यानं बरंच ऐकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि परत आले. फाटकात थांबून म्हणाले, "मी आलोय." शिपाई पोत्यावर बसला होता. त्यानं त्यांचा हात आधी हुंगला आणि मग चाटला.

सहा महिन्यांत शिपायाची उरलीसुरली नजरही गेली. पण नवा पाहुणा अंगणात आला तर त्याला ते कळत नाही. शिपाई पिंपाला वळसा घालतो, पायरीवर येतो, फाटकाशी जाऊन बसतो आणि चढावरून गाणं ऐकू आलं की उठून उभा राहतो. दूधवाला आधी त्याला सलाम करतो, "शिपाईसाहेब, येऊ का?" मग कॅन उतरवतो. दचक्या हे नाव कसं मागे पडलं ते कुणाला आठवतही नाही. काकूंचं सरकवकाकू मात्र अजून आहे, सवयीनं.

एकदा सोमवारी काका शेतावर निघाले. दाराशी गेले, खाली वाकले आणि तसेच थांबले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"चपला."

"मग? तिथेच तर आहेत."

"तेच ना. काल जिथे काढल्या तिथेच आहेत." काकांनी एक चप्पल पायात घातली, मग दुसरी. "बावीस वर्षं मी सांगत होतो, अगं, वस्तू हलवू नकोस. माझं नाही ऐकलंस. कुत्र्याचं ऐकलंस."

"तुम्ही कधी सांगितलंत? तुम्ही नुसतं कुठायत, कुठायत विचारायचात."

काकांनी विचार केला. मग मान डोलावली. "सांगायला हवं होतं," ते म्हणाले. आणि फाटकाबाहेर पडताना मोठ्यानं, "मी चाललोय."

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या. "मला दिसतं हो, मी शिपाई नाही." पण त्या फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या, ते चढावरून दिसेनासे होईपर्यंत.

मग घरात आल्या. कंबरेवर हात ठेवून मधोमध उभ्या राहिल्या. कोठी दाराशी होती. ती खिडकीखाली फार छान दिसली असती, उजेडही आला असता. काकूंनी कोठीच्या दोन्ही बाजूंना हात लावले, जरा जोर लावून बघितला. मागून पावलं वाजली, एकसारखी, न चाचपडता. शिपाई उंबरा ओलांडून आत आला, कोठीला अंग घासत वळला आणि तिच्याच आडोशाला, रोजच्या जागी, अंगाचं वेटोळं करून झोपला.

काकूंनी कोठीवरचे हात काढले, केरसुणी घेतली आणि तिच्या भोवतीनं झाडून घेतलं.